ज्वारीएवढी बाहुली

जामखेडच्या एका आडतीवर गोजरबाई वीस वर्षं धान्य निवडत होती. पोतं तिच्या पुढ्यात ओतलं, की ती चार दाणे तळहातावर घ्यायची, बोटानं इकडेतिकडे सारायची आणि त्या पोत्याची सगळी कुळकथा सांगून मोकळी व्हायची. "वरची वरची ज्वारी तुमच्या रानातली हाय. तळातली दुसऱ्याच्या खळ्यावरची." पोत्याचा मालक मग टोपी सारखी करत भलतीकडंच बघायचा. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला होता, मूलबाळ नव्हतं. एकटीला करमतं कसं, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "एकटी कुठं? रोज लाखभर दानं असत्यात म्होरं. एकासारखा एक न्हाई."

बहात्तरच्या दुष्काळात आडतीवर धान्यच येईना. सूप खुंटीला लागलं आणि गोजरबाई गावाबाहेर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. तिथं आसाराम नावाचा मुकादम होता. तिसऱ्या दिवशी तो तिच्यापाशी आला आणि जागच्या जागी थांबला. बाकीच्या बायकांपुढं खडीचा एकेक ढीग होता. गोजरबाईपुढं पाच. बोराएवढी खडी एकीकडं, सुपारीएवढी दुसरीकडं, लिंबाएवढी तिच्या पलीकडं.

"हे काय हाय?"

"निवडलीय."

"अगं बाई, खडी कोन निवडतं?"

"मंग काय तशीच टाकायची? मिसळलेली?" गोजरबाईला त्याचीच कीव आली.

आसारामनं तिला दम देऊन पाहिला, समजावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी ढीग सहा झाले. शेवटी त्यानं तिला खडीवरून उठवलं आणि कामावरच्या बायकांची पोरं जिथं ठेवत तिथं, गोणपाटाच्या सावलीत, नेऊन बसवलं. "हितं पोरं निवड," म्हणाला. गोजरबाईनं तेही मनावर घेतलं. दुपारपर्यंत चाळीस पोरं उंचीप्रमाणं रांगेत बसली होती.

पुढं संक्रांतीच्या सुमाराला पुण्याहून एक डॉक्टरीणबाई आल्या. पुष्पावती बोकील त्यांचं नाव. वय तिशीचं, चष्मा जाड, बरोबर एक पत्र्याची पेटी. पेटीत तीन बॅटऱ्या, एक सेकंद मोजायचं घड्याळ आणि एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर लहानापासून मोठे काळे ठिपके काढलेले. पोरांच्या डोळ्यांत बॅटरीचा उजेड पाडायचा आणि बाहुली किती बारीक होते ते त्या ठिपक्यांशी ताडून लिहायचं, असं त्यांचं काम होतं.

"उजेड पडला की बाहुली आपोआप आकसते," त्यांनी गोजरबाईला सांगितलं. "उजेडाची वर्दी डोळ्यातून मेंदूत जाते आणि तिथून हुकूम माघारी येतो. लहान मुलाचा मेंदू वाढीला लागलेला असतो, तशी ही ये-जाही वयाप्रमाणं बदलते. अर्धपोटी राहिलेल्या मुलांत ती कशी चालते, ते मला बघायचंय."

गोजरबाईनं थोडा विचार केला. "म्हंजी दान्यावरनं रान वळखायचं."

"बरोबर. पण रान ओळखायला मला अजून येत नाही. आधी नुसते दाणे मोजू."

आता ह्या कामाला अंधार पाहिजे. उजेडातून आलेल्या पोराला आधी दहा मिनिटं अंधारात बसवायचं, मगच बॅटरी लावायची. डॉक्टरीणबाईंनी काळं कापड टांगलं, ते वाऱ्यानं पहिल्याच दिवशी पार नाल्यापर्यंत नेलं. अख्ख्या शिवारात दिवसाढवळ्या अंधार मिळायची जागा एकच, सरकारी धान्याचं गोदाम. त्याला खिडकी नव्हती. आत मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल धान्याची, थोडी पोती होती, बाकी सगळा काळोख रिकामाच पडलेला.

गोदामाच्या किल्ल्या मोहियोद्दीनभाईंकडं. माणूस सज्जन, पण नियमाला पक्का. दारावर त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी लावली होती : बारदानाशिवाय आत प्रवेश नाही. हमालांखेरीज कुणी आत शिरू नये म्हणून वरून तसा हुकूम आलेला.

"बाईसाहेब, मला तर लई वाटतं सोडावं," ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "पन बारदान कुटाय? वरून तपासायला आले तर मी काय सांगू?"

डॉक्टरीणबाई कलेक्टरांना अर्ज लिहायला बसल्या. गोजरबाई मात्र उठली, कोपऱ्यातली रिकामी पोती झटकली आणि पुढच्या पोराच्या डोक्यावर एक ठेवलं. "हे बगा बारदान."

मोहियोद्दीनभाईंनी पाटी वाचली. पोराकडं पाहिलं. परत पाटी वाचली. मग कडी काढली. "चल बेटा."

त्या दिवसापासून रोज सकाळी चाळीस पोरं, प्रत्येकाच्या डोक्यावर स्वतःहून मोठं पोतं, अशी रांगेनं गोदामात शिरू लागली. डॉक्टरीणबाईसुद्धा एक पोतं घडी करून पर्ससारखं काखेत मारायच्या. पाटीत डॉक्टरांना सूट नव्हती.

पहिल्या दिवशी सगळं मुसळ केरात गेलं. दहा मिनिटांच्या अंधारात निम्मी पोरं झोपली. जागी होती त्यांच्यापुढं डॉक्टरीणबाई वाकल्या, बॅटरी लावली, तर उजेड त्यांच्याच चष्म्यावर चमकून माघारी आला. चष्मा काढावा तर पोरच दिसेना. पाठीमागून गोजरबाई शांतपणे बोलली, "हरबरा. आन् आता बाजरी."

"काय म्हणालात?"

"बाहुली. फटीतल्या उजेडात हरबऱ्यायेवढी हुती. तुमी बत्ती लावली तशी बाजरीयेवढी झाली."

डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन तिची परीक्षा घेतली. पुठ्ठ्यावरचे ठिपके मागंपुढं करून दाखवले. गोजरबाई प्रत्येक ठिपक्याला बघताक्षणी दाण्याचं नाव द्यायची. उलटसुलट, दोन दिवस, दोनशे वेळा विचारलं. चूक नाही. पण आकडे काही तिला सांगता येईनात. पाच म्हणजे किती, हे तिला दिसत नव्हतं. तूर म्हणजे किती, ते दिसत होतं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी हार पत्करली. एका फळीवर खळीनं ओळीनं दाणे चिकटवले : राळा, मोहरी, बाजरी, ज्वारी, तूर, हरभरा. वहीत लिहायला लागल्या, "वय तीन, अंधारात तूर, उजेडात बाजरी." आकडे नंतर करू म्हणाल्या.

वेळेचाही असाच घोळ. बाहुली पुरती आकसायला लागतो क्षणभर, आणि तेवढ्यात घड्याळाची कळ काही दाबून होत नव्हती. गोजरबाई म्हणाली, "दोन झटकं लागत्यात." झटका म्हणजे सूप पाखडताना मनगटाला द्यायचा असतो तो. डॉक्टरीणबाईंनी तिला शंभर झटके द्यायला लावले आणि घड्याळ धरलं. पन्नास सेकंद. परत शंभर. पन्नास. जेवल्यावर शंभर. पन्नास. त्यांनी घड्याळ पेटीत ठेवून दिलं.

चौथ्या दिवशी फळीवरचा हरभरा नाहीसा झाला. नुसता खळीचा डाग उरला होता. पोरांना विचारलं तर सगळी छताकडं बघायला लागली. गोजरबाईनं एकेकाचं तोंड हुंगलं आणि एका तीन वर्षांच्या पोराला धरून पुढं केलं. त्याच्या ओठाला खळ लागली होती.

"ह्यानं माप खाल्लंय," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पदरानं ती खळ पुसली. दुसऱ्या दिवसापासून आधी सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावर वाटायचा पौष्टिक खाऊ, पोटात जायची, मग बॅटरी. नवा हरभरा मोहियोद्दीनभाईंनी आपल्या घरच्या डब्यातून आणून दिला आणि तो कुणी खाऊ नये म्हणून चाचणी संपेस्तोवर स्वतः फळीजवळ बसू लागले. जाताना पोरांच्या हातावर एकेक दाणा ठेवायचे. ते काही पाटीत बसत नव्हतं, पण त्याविरुद्धही पाटीत काही लिहिलेलं नव्हतं.

इकडं खडीवर भलतीच आवई उठली. पुण्याची बाई बॅटरीनं पोरांचा मेंदू मोजती. ज्याची बाहुली जास्ती बारीक होती, तो मामलेदार होनार. मग काय विचारता! काजळं पुसली गेली. आया पोरांना घरी तालीम द्यायला लागल्या. एकीनं पोराला सूर्याकडं बघत उभं केलं, तेव्हा डॉक्टरीणबाई अनवाणी धावत गेल्या आणि अशा ओरडल्या, की त्यांचा आवाज असा असेल हे कुणाला ठाऊकच नव्हतं. "हुशारीचा आणि ह्याचा काही संबंध नाही!" त्यांनी बजावलं. बायकांनी माना डोलावल्या. सरकारी माणूस जे नाही म्हणतो ते हमखास असतं, एवढं त्यांना कळत होतं. पुढच्या आठवड्यात दोन घरांत बोलणी लागली. पोरगी चार वर्षांची, पोरगा सहाचा. "आमची बाजरीवर येती," पोरीची आई सांगत होती. "तुमचा ज्वारीच्या खाली उतरत न्हाई म्हनं."

ह्या सगळ्यात आसाराम मुकादमाला राहवेना. तो नगरला चष्म्याचा नंबर काढायला गेला होता. तिथं त्याच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले. दुसऱ्या दिवशी उन्हानं दिपून डोक्यावरून पंचा घेतलेला, तो ठेचकाळत गोदामाशी आला. काखेत पोतं.

"माजं बी बगा," म्हणाला. दाराशी बायका जमल्या.

डॉक्टरीणबाई त्या दिवशी मामलेदार कचेरीत गेल्या होत्या. गोजरबाईनं बॅटरी लावली. "हरबरा." बॅटरी विझवली, परत लावली. "हरबरा." जवळ नेली. "हरबराच."

दाराशी कुणीतरी हळूच म्हणालं, "जागचा हलंना की गं."

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पोटतिडकीनं सांगितलं, थेंबांनी बाहुली मोठी होऊन बसते, दोन-तीन दिवसांत उतरेल, मेंदू ठणठणीत आहे. मुकादमाची बाजू घ्यायला शिकलेलं माणूस लागावं, यावरूनच बायका काय ते समजल्या. दुसऱ्या दिवशी तो खडी मोजायला टेप घेऊन गेला तर एक म्हातारी म्हणाली, "मुकादम, तुमी बसा सावलीला. आमीच मोजतो." आसाराम रोज सकाळी कामाआधी गोदामाशी यायचा. "कुटवर आली?" "तुरीवर." "आज?" "तूर, पन उतरतीची." चौथ्या दिवशी गोजरबाई म्हणाली, "ज्वारी." तेव्हा त्यानं तिला हाताला धरून खडीवर नेलं, स्वतः सगळ्यांत उंच ढिगावर चढला, डोळे ताणून उघडले आणि म्हणाला, "सांग ह्यास्नी."

"ज्वारी हाय!" गोजरबाई खालून ओरडली.

"आईकलं का? ज्वारी!" आसाराम म्हणाला, आणि मग कामाला सुरुवात झाली.

पोरांमध्ये एक भामा होती. चांगुणा म्हणून खडी फोडणारी बाई, तिची ही चार वर्षांची लेक. बोलत नव्हती. हाक मारली तर जरा वेळानं बघायची, जसं काही हाक लांबून आली आहे. बाकीच्यांची बाहुली दोन झटक्यांत जागेवर यायची. भामाला चार लागत. गोजरबाईनं तीनतीनदा बघितलं. चारच.

चांगुणा दारात येऊन उभी राहिली. "डाक्टरीणबाई, हिचा मेंदू वाढंल का?"

"मला माहीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एका बाहुलीवरून सांगता येत नाही. कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माझ्यावरसुद्धा."

चांगुणेचा चेहरा उतरला. ती निघाली तशी गोजरबाई तिच्याबरोबर दहा पावलं गेली. "पेरा मागं पडला म्हंजी गेला असं न्हाई," ती म्हणाली. हे तिनं कुठल्या आधारावर म्हटलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. पण त्या दिवसापासून ती स्वतःच्या वाट्याची निम्मी सुकडी भामाच्या हातावर ठेवायला लागली आणि सगळा दिवस तिच्याशी बोलत राहायची. हा दाणा बघ, हा खडा बघ, हा मुकादम बघ.

उन्हाळ्यात पुण्याहून मोठे डॉक्टर आले, डॉक्टरीणबाईंचे वरिष्ठ. दारात मोहियोद्दीनभाईंनी त्यांच्या हातात पोतं दिलं. ते त्यांनी बॅगच समजून घेतलं. आत बसून त्यांनी वही उघडली. "वय चार, तूर, बाजरी, दोन झटके. वय दोन, ज्वारी, बाजरी, अडीच झटके." त्यांनी पान उलटलं. अजून एक उलटलं.

"बोकील, हे मेंदूच्या वाढीचं संशोधन आहे का किराणा?"

"सर, दाण्यांचं माप घेऊन आकडे करायचेत. ज्वारी साडेतीन मिलिमीटर भरली."

"कंची ज्वारी?" गोजरबाईनं विचारलं.

"ही फळीवरची."

"ती न्हवं! ती औंदाची हाय, चिपाड. माप लावायच्या लायकीची हाय का ती? मी म्हनते ती चांगल्या सालाची."

मोठे डॉक्टर तिच्याकडं वळले. "ती कुठं आहे?"

गोजरबाईनं कपाळाला बोट लावलं. "हितं."

मोठे डॉक्टर मिलोच्या पोत्यावर बसले. पाच महिने, चाळीस मुलं, सगळं मोजमाप एका बाईच्या डोक्यातल्या ज्वारीवर उभं होतं. आणि दुष्काळात तशी ज्वारी आणायची कुठून? "राहीआत्याकडं असंल," गोजरबाई म्हणाली.

राहीबाई शेजारच्या वाडीवर राहायची. सत्तरीची बाई. तिनं वर्षभर मिलो आणि पाला खाऊन काढला होता, पण गाडग्यात राखेत घातलेल्या बियाण्याला हात लावला नव्हता. दोन डॉक्टर, गोजरबाई आणि सरकारी जीप दारात बघून तिनं आधी गाडग्यावर पाटा ठेवला. ज्वारी खायची नाही, पेरायची नाही, नुसती मोजायची, हे तिला पटवायला तासभर गेला.

"शंभर दानं देते. माज्या म्होरं मोजा. आन् शंभरच माघारी."

फडकं अंथरलं. मोठे डॉक्टर सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसले आणि पितळी मापानं एकेक दाणा धरू लागले. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. राहीबाई ओठ हलवत मोजत होती. नव्व्याण्णव झाले आणि राहीबाई म्हणाली, "एक कुटाय?"

एक नव्हता. फडकं झटकलं. नव्हता. "एक दाना म्हंजी एक कनीस," राहीबाई दारात आडवी झाली. मग मोठे डॉक्टर गुडघ्यांवर आले. डॉक्टरीणबाईही आल्या. बॅटरी लावून दोघं जण चुलीमागं, जात्याखाली, उंबऱ्याच्या फटीत ज्वारीचा दाणा शोधू लागले. कोंबडी आत डोकावली तेव्हा मोठे डॉक्टर एवढ्या जोरात "हाड!" म्हणाले, की ती परत संध्याकाळपर्यंत दिसली नाही. गोजरबाई भिंतीला टेकून नुसती बघत होती.

"सायेब, जरा हुबं ऱ्हावा," ती म्हणाली. ते उभे राहिले. "तुमच्या पाटलोनीच्या घडीत हाय."

होता. राहीबाईनं तो घेतला, फुंकला, गाडग्यात टाकला आणि पुण्याची माणसं निघून जाईपर्यंत त्यांच्या पायांवरची नजर काढली नाही.

दाणा सरासरी सव्वाचार मिलिमीटर भरला. मोठ्या डॉक्टरांनी वाटेत जीप थांबवून गोजरबाईला ठिपक्यांचा पुठ्ठा पुन्हा दाखवला. तिनं ज्वारी म्हणून बोट ठेवलेले ठिपके दर वेळी चार आणि साडेचार ह्यांच्या मधलेच निघाले. नऊ वेळा त्यांनी विचारलं. मग पुठ्ठा मिटला आणि वहीत ज्वारीपुढं सव्वाचार लिहिलं.

जूनमध्ये शेवटची तपासणी झाली. भामाला तीन झटके लागले. गोजरबाईनं सांगितलं आणि डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

"वय वाढलं म्हणून असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सुकडीनं असेल. तिला आता तुमची सवय झाली म्हणून असेल. किंवा तुमचं मनगट थकलं असेल."

गोजरबाईनं त्यांच्या हातात घड्याळ दिलं आणि शंभर झटके मारून दाखवले. पन्नास सेकंद.

"मनगट सोडून बाकीचं काहीही असेल," डॉक्टरीणबाईंनी दुरुस्ती केली. त्यांना हसू येत होतं आणि डोळेही पुसायचे होते. त्यांनी आधी चष्मा पुसला.

पुढच्या साली आडत सुरू झाली आणि गोजरबाई परत सुपामागं बसली. एक दिवस पुण्याहून छापील कागद आले आणि पाठोपाठ डॉक्टरीणबाईही आल्या. मजकूर इंग्रजीत होता. सार असं, की बाहुलीची हालचाल वयाप्रमाणं बदलताना दिसली. पोटाचा तिच्याशी काय संबंध, ते ठरवायला आणखी मुलं आणि चांगली यंत्रं हवीत. शेवटी बारीक अक्षरांत गोजरबाईचं नाव होतं.

"म्हंजी कळलं न्हाई," गोजरबाई म्हणाली. "येवढं सांगायला येवढी पानं?"

"कळलं नाही, हे नीट लिहायला जास्त पानं लागतात."

हे गोजरबाईला पटलं. आडतीवर लोक तान्ही पोरं दाखवायला आणायचे तेव्हा ती एकदा डोळ्यांत बघायची आणि म्हणायची, "बाहुली हाय. खाऊ घाला, बोला त्याच्याशी." ह्याहून जास्त एक अक्षर ती बोलायची नाही. मास्तर पहिलीचा अख्खा वर्ग घेऊन आले, ढ आणि हुशार निवडून द्या म्हणाले, तेव्हा "हितं दानं निवडत्यात, पोरं न्हाई" म्हणत तिनं त्यांना सूप दाखवलं आणि ते वर्गासकट माघारी गेले.

एका शनिवारी चांगुणा बाजारातून वाकडी वाट करून आली. बरोबर भामा, आता साडेपाच वर्षांची. चांगुणा टेकायच्या आधीच म्हणाली, "मावशी, दोन म्हैनं झालं, बोलाया लागली."

गोजरबाईनं सूप खाली ठेवलं. भामा पुढं झाली. तिनं गोजरबाईचं तोंड अगदी जवळून, नीट न्याहाळलं.

"तुज्या नाकात क्यास हाय," ती म्हणाली. "दोन. एक पांडरा हाय. ही बाई का बसलीय? ही ज्वारी कुनाची? ती कुत्री लंगडती का? तुज्या नाकात क्यास का हाय?"

चांगुणा लाजेनं अर्धी झाली. "दिसभर असंच चालतं, मावशी. काय करू हिला?"

गोजरबाईनं भामाला शेजारी बसवून घेतलं आणि मूठभर ज्वारी तिच्या ओच्यात टाकली. भामा तिसऱ्या प्रहरापर्यंत बोलत राहिली. गोजरबाईचं डोकं दुखायला लागलं, पण तिनं तिला एकदाही गप्प बस म्हटलं नाही.